जुन्नरात अडकलेला घोडा आणि दाभोळचा धक्का

१४६९ च्या सुमाराची गोष्ट. ऐन पावसाळ्यात जुन्नरात एका परदेशी माणसाचा घोडा सरकारजमा झाला. माणूस रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, नाव अफनासी निकितिन. होर्मुझहून गलबतात घालून, समुद्रात सहा आठवडे काढून त्याने हा एकच घोडा चौलला उतरवला होता आणि तिथून पायीपायी घाट चढून जुन्नरला आणला होता. घोड्यावर त्याचे शंभर रूबल गेले होते. तो विकायचा, आलेल्या पैशांत इथला माल घ्यायचा आणि परत जायचं, एवढाच त्याचा हिशेब. जुन्नरचा सुभा तेव्हा असदखानाकडे. हा फिरंगी मुसलमान नाही, असं कानावर येताच खानाने घोडा बांधून ठेवला आणि चार दिवसांची मुदत दिली. धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही तर घोडाही गेला आणि हजार मोहरा तूच भरायच्या. मुदत संपत आली तेव्हा खुरासानचा एक महंमद नावाचा खजिनदार गावात आला, निकितिनने त्याचे पाय धरले, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला.

निकितिनने हे सगळं लिहून ठेवलं आहे. जुन्नरचा गड माणसांनी बांधलेला नाही, देवानेच खडकातून काढला आहे. वाट इतकी अरुंद की दोघे बरोबरीने चढू शकत नाहीत, असं तो लिहितो. शिवनेरीची साखळी चढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि जिकडेतिकडे चिखल, ही त्याची दुसरी तक्रार. तीही अजून लागू आहे.

पण मला त्याच्या नोंदींत सगळ्यात आवडलेली गोष्ट घोड्यांच्या खाण्याची आहे. इथे घोड्यांना हरभरे घालतात आणि खिचडी शिजवून तिच्यात साखर आणि तूप घालतात, असं त्याने लिहिलं आहे. शिवारात बैलाच्या पुढ्यात कडबा, आणि सुभेदाराच्या पागेत घोड्याला तूपसाखरेची खिचडी! जनावराचे एवढे लाड कोणी उगाच करत नाही. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही. जो निपजतो तो भीमथडीचा तट्टू, काटक, चिवट, डोंगराला पक्का. पण अंगावर लोखंड घेतलेल्या स्वाराला मैदानात उधळत नेणारा तो नव्हे. तसा घोडा अरबस्तानातून, इराणातून, समुद्रावरूनच यायचा. बहमनी सुलतान आणि विजयनगरचे राय पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उरावर बसले होते, त्या भांडणाचं निम्मं बळ गलबतांतून उतरत होतं.

ते उतरायचं कुठे? चौलला उतरायचं, गोव्याला उतरायचं आणि दाभोळला उतरायचं. निकितिन परतीच्या वाटेला लागला तेव्हा, १४७२ च्या सुमारास, तो दाभोळहूनच गलबतावर चढला. दाभोळ हे फार मोठं बंदर आहे, इथे अरबस्तानापासून खुरासानपर्यंतचे घोडे येतात, असं त्याने जाताजाता लिहून ठेवलं.

आपण पुणेकर पुण्याचा इतिहास शहाजीराजांच्या जहागिरीपासून मोजतो, फार तर शेख सल्ल्यांच्या दर्ग्यांपर्यंत मागे जातो. पण जहागिरीआधीची दोन-तीनशे वर्षं घाटावरचा हा सगळा मुलूख कोकणातल्या चार बंदरांच्या जिवावर चालत होता. घाटावर राजधान्या होत्या, किल्ले होते, फौजा होत्या. दरवाजा मात्र खाली समुद्राकाठी होता. त्या दरवाजातून नुसते घोडे आले नाहीत, माणसंही आली.

त्यांतला सगळ्यात मोठा माणूस महमूद गावान. इराणातल्या गिलानचा हा व्यापारी १४५३ मध्ये दाभोळच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. बीदरच्या एका सत्पुरुषाची भेट घ्यायची आणि बरोबर आणलेला माल विकायचा, असा त्याचा बेत होता म्हणतात. तो परत गेलाच नाही. बीदरच्या दरबारात चढत चढत मुख्य वजीर झाला. त्याला किताब मिळाला ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. वजिराला व्यापाऱ्यांचा राजा म्हणणाऱ्या राज्याचं बंदरांशी नातं काय असेल, ते एवढ्यावरून कळावं. पुढे याच गावानने १४६९ ते १४७२ या काळात कोकणात मोहीम काढली, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड घेतला, गोवं घेतलं. समुद्रावर लूटमार करणाऱ्यांनी आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या डोंगरातल्या राजांनी बहमनी जहाजांना हैराण केलं होतं, हे त्या मोहिमेमागचं मोठं कारण. दाभोळात व्यापारी म्हणून उतरलेला माणूस वजीर झाल्यावर पहिल्यांदा समुद्राची वाट मोकळी करायला निघतो, हे मला फार स्वाभाविक वाटतं. निकितिनचा घोडा अडकवणारा असदखान त्याच गावानच्या हाताखालचा. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून सुलतानाने गावानचं डोकं उडवलं आणि बहमनी राज्य त्यानंतर फुटलंच.

इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा, तर विजापूरची आदिलशाही स्थापन करणारा युसुफ आदिलखानही दाभोळलाच उतरला होता. एका व्यापाऱ्याबरोबर आलेला पोरगेला मुलगा. फिरिश्त्याने त्याला थेट तुर्कस्तानच्या सुलतानाचा मुलगा करून टाकलं आहे, तो दरबारी थाट बाजूला ठेवू. दाभोळला उतरला एवढं मात्र सहज पटतं, कारण त्या काळी इराणच्या बाजूने येणारी माणसं तिथे उतरतच होती.

मी दाभोळला पहिल्यांदा गेलो ते असं काही डोक्यात घेऊन नव्हे. दापोलीला मुक्काम होता, तिथून तीसएक किलोमीटर. रस्ता आंब्या-काजूच्या बागांतून वळणं घेत खाली उतरतो आणि एकदम वाशिष्ठीची खाडी समोर येते. डाव्या हाताला खाडी आत चिपळूणकडे वळत गेलेली, उजव्या हाताला समुद्र, समोर गुहागर तालुक्याचे डोंगर. ही खाडी हेच दाभोळचं भांडवल. भरतीच्या पाण्याबरोबर छोटी गलबतं आत गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या वेशीपर्यंत जायची. तिथून बैलाच्या पाठीवर माल चढायचा, कुंभार्ली घाट, कऱ्हाड आणि मग सरळ विजापूर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने इथे तांबं, पारा, हिंगूळ यांचे ढीग पाहिले. ते सगळं घाटावर चढत होतं. घाटावरून कापड आणि धान्य खाली उतरत होतं.

आणि याच भरभराटीवर पोर्तुगीजांची वक्रदृष्टी पडली.

१५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलूक सुलतानाच्या आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाजने मिळून पोर्तुगीजांना हरवलं. त्या लढाईत गव्हर्नर फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरणाबांड मुलगा लोरेन्सो मारला गेला. बाप सूड घ्यायला निघाला. त्याला खरं तर दीवला जायचं होतं, पण वाटेत दाभोळ होतं. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत त्याची जहाजं वाशिष्ठीच्या मुखात शिरली. पुढे जे झालं ते खुद्द पोर्तुगीजांच्याच बखरकारांनी लिहून ठेवलं आहे: बायका, पोरं, कोणालाही सोडलं नाही, गाव लुटलं आणि जाळलं. दाभोळावर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो, अशी शिवी म्हणे त्यानंतर या किनाऱ्यावर रूढ झाली. १५०९ च्या ३ फेब्रुवारीला आल्मेदाने दीवच्या समुद्रात आपला सूड पुरा केला. जगाच्या इतिहासाच्या पुस्तकांत दीवची लढाई असते. तिच्या पाच आठवडे आधी जळालेलं दाभोळ त्या पुस्तकांत फार तर एखाद्या तळटीपेत सापडतं.

जळालेलं गाव पुन्हा उभं राहिलं. बंदराची गावं अशी चिवट असतात, चार वर्षांत घरं शाकारून पुन्हा माल उतरवायला लागतात. दाभोळला खरा फटका आगीने बसला नाही, गोव्याने बसला. १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने गोवं घेतलं आणि थोड्याच काळात घोड्यांचा व्यापार जबरदस्तीने तिथे ओढून नेला. अरबी समुद्रात फिरणाऱ्या प्रत्येक गलबताला पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना लागू लागला. तो नसेल तर माल जप्त, गलबत जप्त. घोडे घेऊन येणाऱ्याने गोव्यालाच लागायचं आणि तिथेच जकात भरायची. आदिलशहाला घोडा हवा असेल तर त्याने आपल्याच हातून गेलेल्या गोव्यातून विकत घ्यायचा. दाभोळची गलबतं तांबड्या समुद्राकडे, मोख्याकडे जात राहिली, हजचे यात्रेकरू नेत राहिली. पण राजाच्या पागेचा दरवाजा हा दाभोळचा मान गेला तो गेलाच.

आता दाभोळच्या मशिदीकडे येतो. बंदराजवळ, माडांच्या गर्दीत, काळ्या दगडाची ही इमारत उभी आहे. वर एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांवर चार मिनार, आत शिरायला पायऱ्या. लोक तिला शाही मशीद म्हणतात, माँसाहेबा मशीद म्हणतात, आणि अंडा मशीदही म्हणतात. दगडाचं काम विजापुरी. कमानींच्या टोकाशी कोरलेली नाजूक नक्षी, घुमटाच्या बुडाशी पाकळ्या. विजापूरला इब्राहिम रोजा पाहिलेल्याला ओळख लगेच पटते. फक्त इथे दगडावर खारा वारा सतत आदळतो, त्यामुळे काही ठिकाणी नक्षीची धार बोथट झाली आहे. बोट फिरवलं की दगड किंचित ओलसर लागतो आणि बोटाला बारीक वाळू चिकटते. जुन्या गॅझेटियरने घुमटाची उंची साधारण ७५ फूट दिली आहे आणि कधीकाळी त्याला सोन्याचा मुलामा होता, कळसावर सोन्याची चंद्रकोर होती, असंही नोंदलं आहे. आता काळा दगड आणि त्यावर हिरवं शेवाळ.

गोष्ट अशी सांगतात. विजापूरच्या राजघराण्यातली आयेशाबीबी हजला निघाली. बरोबर मोठा लवाजमा, खर्चाला लाखो रुपये. दाभोळपर्यंत आली. पण समुद्र खवळलेला, वाटेत चाच्यांचं भय. गलबत हाकारता येईना. दिवस जात राहिले. परत जावं तर यात्रेसाठी बाजूला काढलेला पैसा घरी कसा न्यायचा? तेव्हा मौलवींनी सांगितलं, तो पैसा धर्मकार्याला लाव. तिने तो दाभोळातच लावला, आणि मशीद उभी राहिली. कामिलखान नावाच्या कारागिराने ती चार वर्षांत बांधली, असंही सांगतात. मशिदीचं साल १६५९-६० सांगितलं जातं.

हा जो मजकूर आहे त्यात लोकांची भर किती आणि खरं किती, हे वेगळं करण्याच्या फंदात मी पडणार नाही. पण एक योगायोग नोंदवावासा वाटतो. याच सुमारास विजापूरची खरीखुरी राजमाता, मुहम्मद आदिलशहाची विधवा बडी साहिबा, हजला गेली. आणि गेली ती आदिलशाही गलबतातून नव्हे, डच कंपनीच्या जहाजातून. आदिलशहाच्या आईला आपल्याच बंदरातून आपल्याच गलबतात बसून मक्केला जाता येऊ नये! दाभोळची आयेशाबीबी ही तिचीच लोकांनी धरून ठेवलेली आठवण असेल का, असं मला वाटून गेलं. हा माझा तर्क, त्याला कागदाचा आधार नाही. पण गोष्ट खोटी असली तरी तिच्यातली अडचण खरी आहे. समुद्र दुसऱ्याचा झाला होता.

आणि जमीनही होऊ लागली होती. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला. अफजलखान आपल्याला शामियान्यात भेटतो आणि तिथेच संपतो. पण हा सरदार व्यापारीही होता, आणि त्याची तीन गलबतं त्या वेळी दाभोळच्या बंदरात नांगरलेली होती. खान मारला गेल्याची बातमी येताच शिवाजी महाराजांच्या फौजा कोकणात उतरल्या. दाभोळच्या आदिलशाही सुभेदाराने ती गलबतं घेऊन राजापूर गाठलं. मराठे पाठोपाठ तिथेही पोहोचले. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी गलबतांच्या भानगडीत हात घातला आणि त्यांचा एक माणूस मराठ्यांच्या कैदेत गेला. महाराज आणि इंग्रज यांच्यातलं पहिलं भांडण म्हणून इतिहासकार जे सांगतात, ते हे. प्रतापगडाची लढाई जावळीच्या रानात झाली खरी, पण तिचं शेपूट दाभोळच्या धक्क्यापर्यंत आलं होतं. लवकरच दाभोळ स्वराज्यात आलं आणि दाभोळचा सुभा मराठी कागदांत येऊ लागला. मशीद होती तिथेच राहिली. घुमटावरचं सोनं तर त्यानंतरही बराच काळ टिकून होतं, असं गॅझेटियरवाला म्हणतो.

त्यानंतरचा दाभोळचा इतिहास म्हणजे धन्यांची अदलाबदल. समोरच्या तीरावरच्या अंजनवेलला सिद्दी बसला. त्या सिद्दी सातने १७२७ मध्ये चिपळूणजवळचं परशुराम देवस्थान लुटलं, तिथले ब्रह्मेंद्रस्वामी चिडून घाटावर धावडशीला निघून गेले, आणि त्यांच्या पत्रांनी पुण्याच्या पेशव्यांच्या आणि साताऱ्याच्या छत्रपतींच्या मागे सिद्द्यांविरुद्ध उठण्याचा तगादा लावला. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला लढाईत मारलं. पुढे आंग्रे, पुढे पेशवे, १८१८ मध्ये इंग्रज. तोवर खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढला होता, मोठ्या जहाजांना मुंबई होती, आणि विजापूर ही राजधानी उरली नव्हती. ज्या घरासाठी दरवाजा केला, ते घरच पडलं.

तरी आमच्या आधीच्या पिढीच्या कोकण्यांना दाभोळ ठाऊक होतं ते आगबोटीमुळे. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै करून दाभोळला थांबायची, पडावातून माणसं काठावर यायची आणि चिपळूणवाले तिथून लाँच धरून खाडीने आत जायचे. आमच्या पिढीला नाव कळलं ते एन्रॉनच्या वीजप्रकल्पामुळे. १९९२ चा सामंजस्य करार, १९९५ मध्ये सरकार बदलताना तो समुद्रात बुडवण्याची भाषा, मग पुन्हा करार, १९९९ मध्ये सुरू झालेली वीज, २००१ मध्ये बंद पडलेला प्रकल्प. पुण्यात त्या काळी चहाच्या टपरीवरसुद्धा लोक युनिटचे दर सांगत. गंमत अशी की हा ‘दाभोळ’ प्रकल्प दाभोळात नाहीच, तो खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे. गावाच्या वाट्याला बदनामी आली, चिमण्या पलीकडे राहिल्या.

दाभोळने आपल्या माणसाकडून मात्र स्वतःला नीट ओळखून घेतलं. अण्णा शिरगावकर हे दाभोळचेच. दुकान सांभाळत, गावोगाव पायी हिंडत त्यांनी ताम्रपट, नाणी, मूर्ती, कागद जमवले. त्यांच्या हाती लागलेल्या बाराव्या शतकातल्या शिलाहारांच्या ताम्रपटामुळे पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांकडे पुरातत्त्ववाल्यांचं लक्ष गेलं. पुण्यात आपल्याकडे १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, डेक्कन कॉलेज आहे. दाभोळला एकटे अण्णा होते, आणि ते पुरले.

त्या दिवशी मशीद पाहून मी चंडिकादेवीच्या गुहेत गेलो. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जायचं. बाहेर आल्यावर डोळे दिपले. मग धक्क्यावर येऊन बसलो. एक वयस्क गृहस्थ जाळं विणत होते. पुण्याहून आलो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “एन्रॉन बघायला आलाव काय?” नाही म्हटलं, मशीद बघायला. त्यांनी मान हलवली. मुलगा कुठे असतो विचारलं तर म्हणाले, “बहारीनला. आधी मस्कतला होता.” निकितिनचं गलबत दाभोळहून निघून वाट चुकलं, हबशांच्या किनाऱ्याला लागलं आणि तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी, भाकऱ्या देऊन सुटल्यावर जिथे पोहोचलं, ते मस्कत. मी त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, “आता विमानान तीन तासांत जातो तो.”

धोपाव्याला जाणारी फेरीबोट लागली होती. २००३ पासून ही बोट चालते, गाड्यांसकट माणसं पलीकडे नेते. दोन टेम्पो, एक पुण्याच्या नंबरची मोटार आणि सात-आठ दुचाक्या चढल्या. लगेच सुटेल असं वाटलं, पण तांडेल काठाशी ओणवा होऊन पाण्याकडे बघत राहिला. मोटारवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. तांडेलाने मागे न बघताच हात वर केला. ओहोटी पुरती सरली नव्हती, समोर वाळूचा दांडा अजून उघडा दिसत होता.